चिंताग्रस्त मन आणि ख्रिस्तसभा

शरीर आजारी पडले की आपण डॉक्टरांकडे धाव घेतो; मन आजारी पडले की घराची दारे लावून घेतो. रात्र-रात्र झोप नाही, छातीत धडधड, कारणावाचून भीती अशा अवस्थेतील कर्त्या माणसावर ‘याची श्रद्धा कमी पडते’ असा शिक्का मारून आपण मोकळे होतो. ख्रिस्तसभेचा इतिहास मात्र या समजुतीला दुजोरा देत नाही.

येशूसंघाचे संस्थापक संत इग्नेशिअस १५२२ साली स्पेनमधील मान्रेसा गावी राहत होते. तत्पूर्वी मोन्सेरात येथे त्यांनी तीन दिवस घेऊन सबंध आयुष्याचे पापनिवेदन केले होते. तरीही एखादे पाप सांगायचे राहिले, ही शंका त्यांचे मन पोखरू लागली. दररोज सात तास ते गुडघे टेकून प्रार्थना करीत. म्हणजे प्रार्थनेची उणीव नव्हती. तरी खोलीतल्या भगदाडातून उडी टाकून जीव द्यावा, असा विचार पुनःपुन्हा येई. शेवटी त्यांनी आठवडाभर अन्न वर्ज्य केले. हे ऐकताच त्यांच्या धर्मगुरूंनी उपवास मोडण्याची आज्ञा केली आणि त्यांनी ती पाळली. शंका परत आल्या, परंतु कालांतराने त्यांतून त्यांची कायमची सुटका झाली. या अनुभवाचे सार त्यांच्या ‘आध्यात्मिक साधना’ या ग्रंथातील अशा शंकांविषयीच्या सूचनांत उतरले आहे.

त्या काळी मनाचे शास्त्र नव्हते. ते उदयास आले तेव्हा ख्रिस्तसभेने सावधपणे पावले टाकली. एप्रिल १९५३ मध्ये पोप बारावे पायस यांनी रोम येथे जमलेल्या मानसोपचारतज्ज्ञांसमोर भाषण करून या कार्याची दखल घेतली आणि नैतिक मर्यादांचे स्मरणही दिले. पुढे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली ‘आधुनिक जगातील ख्रिस्तसभा’ या दस्तऐवजात, मेंढपाळकार्यात मानसशास्त्राचा उपयोग करून घ्यावा, असे स्पष्ट सांगितले.

या शिकवणीचे जिवंत उदाहरण पुढे दक्षिण अमेरिकेत घडले. फादर होर्हे बेर्गोलिओ १९७३ ते १९७९ या काळात अर्जेंटिनातील येशूसंघाचे प्रांताधिकारी होते. मार्च १९७६ मध्ये तेथे लष्कराने सत्ता बळकावली. मे महिन्यात त्यांच्याच संघाच्या दोन धर्मगुरूंना सैनिकांनी पळवून नेले. पाच महिन्यांनी त्यांची सुटका झाली. जीव वाचवू पाहणाऱ्या माणसांना लपवून, गाडीतून सुरक्षित स्थळी पोहोचवण्याची जोखीमही फादरांनी पत्करली. त्या भयाचा ताण मनावर साचत गेला. वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी ते एका यहुदी डॉक्टर बाईंकडे सहा महिने, आठवड्यातून एकदा, मनाच्या उपचारासाठी जात राहिले.

हेच पुढे पोप फ्रान्सिस झाले. ही गोष्ट त्यांनी दडवून ठेवली नाही. २०१७ च्या मुलाखत-ग्रंथात आणि पुन्हा २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या मुलाखतीत त्यांनी ती कृतज्ञतेने सांगितली. चिंता आवरण्यास व निर्णयात घाई न करण्यास त्या उपचाराचे साहाय्य झाले, असे ते म्हणाले. मृत्यूपूर्वी त्या बाईंनीही आध्यात्मिक संवादासाठी त्यांनाच बोलावून घेतले होते. दोघांनी एकमेकांचे क्षेत्र ओळखले आणि त्याचा मान राखला.

प्रिय वाचकहो, पापनिवेदनात पापाची क्षमा मिळते. पण चिंतेचा आजार हे पाप नव्हे. त्यासाठी प्रार्थनेबरोबर जाणकाराचा हातही हवा. २०२२ पासून भारत सरकारची ‘टेली-मानस’ ही विनामूल्य सेवा १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र उपलब्ध आहे. आपल्या घरातील कोणी ‘मला भीती वाटते’ असे म्हणाला, तर त्याच्या हाती जपमाळ अवश्य द्यावी; आणि दुसरा हात धरून त्याला डॉक्टरांकडे न्यावे. इग्नेशिअस मनातले बोलले म्हणून वाचले. बोलू पाहणाऱ्याचे तोंड आपण तरी बंद करू नये.