परळचे हृदयरोपण आणि गिरगावचा जिना

१६ फेब्रुवारी १९६८. परळच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन आणि सहकाऱ्यांनी एका रुग्णाच्या छातीत दुसऱ्या माणसाचे हृदय बसवले. जगातील हे सहावे मानवी हृदयरोपण. केपटाऊनच्या पहिल्या रोपणाला जेमतेम अडीच महिने झाले होते. रुग्ण सुमारे तीन तास जगला.

मुंबईत या शस्त्रक्रियेची आठवण अधूनमधून निघते. त्याच दशकातील एका साध्या शोधाची मात्र फारशी निघत नाही.

१९६० पूर्वी हृदय बंद पडले, तर छाती उघडून ते हाताने दाबत. अर्थात शल्यविशारद जवळ असेल तरच. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये विद्युत अभियंता विल्यम कौवेनहोवेन यांच्याबरोबर काम करणाऱ्या गाय निकरबॉकर यांना एक गोष्ट दिसली. विजेचा झटका देण्यासाठी कुत्र्याच्या छातीवर जड इलेक्ट्रोड टेकवताच, झटक्याआधीच रक्तदाब वाढे. म्हणजे बाहेरचा दाबही रक्त पुढे ढकलत होता. शल्यविशारद जेम्स ज्यूड यांच्यासह त्यांनी १९६० मध्ये निष्कर्ष छापले : २० रुग्णांपैकी १४ जगले. सुरी लागली नाही.

आता प्रश्न शिकवण्याचा होता. १९७४ च्या अमेरिकी मानकांत प्रगत जीवरक्षणाचाही समावेश झाला आणि त्यातून ‘एसीएलएस’ प्रशिक्षण आकाराला आले. डॉक्टर आणि परिचारिका यात पुतळ्यावर सराव करतात : एक छाती दाबतो, एक श्वासमार्ग सांभाळतो, एक औषध देतो, एक नेतृत्व करतो. दाब मिनिटाला १०० ते १२०. खंड शक्यतो १० सेकंदांहून कमी. सरळ रेषेवर झटका द्यायचा नसतो, हेही येथेच शिकतात. चित्रपटांनी उलटच शिकवले आहे. भारतीय भूलतज्ज्ञांनी २०१७ मध्ये देशी परिस्थितीला अनुसरून स्वतःची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. त्यांत सामान्य नागरिकासाठी केवळ छाती दाबण्याची पद्धत वेगळी ठेवली आहे.

महाराष्ट्रात २०१४ मध्ये १०८ सेवा ९३७ रुग्णवाहिकांसह सुरू झाली. त्यांपैकी २३३ प्रगत जीवरक्षणाच्या.

पण गिरगावच्या जुन्या चाळीत तिसऱ्या मजल्यावर कोणी कोसळले, तर गाडी गल्लीच्या तोंडाशी थांबते. अरुंद लाकडी जिन्यावरून रुग्णाला खुर्चीत बसवून उतरवावे लागते, आणि खुर्चीत बसलेल्या माणसाची छाती दाबता येत नाही. दाब न मिळालेल्या प्रत्येक मिनिटाला जगण्याची शक्यता सुमारे ७ ते १० टक्क्यांनी घटते. म्हणून पहिले दाब वरच, खोलीतल्या फरशीवर, शेजाऱ्याच्या हातांनी पडावे लागतात.