कळफलकाचा स्पर्श : एक ऐतिहासिक तुलना

यांत्रिक टंकयंत्रात अक्षराचा दांडा कागदावर आपटला, म्हणजे अक्षर उमटले याविषयी शंका उरत नसे. संगणकाच्या कळफलकात दांडा नाही व आघातही नाही. तेव्हा अक्षर नोंदले गेल्याची खूण बोटास कशी पटवावी, हा प्रश्न उद्भवला. कळफलकाच्या रचनेचा इतिहास हा बव्हंशी या प्रश्नाच्या उत्तरांचा इतिहास होय.

आयबीएममधील रिचर्ड हंटर हॅरिस यांच्या रचनेस अमेरिकेत १९७८ साली पेटंट मिळाले. तीत कळीखालील स्प्रिंग दाबली जाता जाता एका क्षणी बाजूस वाकते व तळाची लहानशी हातोडी उलटवते. बोटाखालील प्रतिकार एकाएकी सैल होणे, टक् असा ध्वनी आणि अक्षराची नोंद या तिन्ही गोष्टी त्या एकाच वाकण्यातून निष्पन्न होतात. येथे खूण आणि खुणेचा अर्थ यांत अंतर नाही.

जर्मनीत घडलेल्या चेरी एमएक्स स्विचने १९८० नंतरच्या दशकात निराळा मार्ग धरला. त्याच्या निळ्या प्रकारात ध्वनी सरकत्या तुकड्याचा असतो. नोंद मात्र धातूच्या दोन पट्ट्या जुळल्याने होते. काळ्या प्रकारात तर कसलीच खूण नाही. चार मिलिमीटरांच्या प्रवासात सुमारे दोन मिलिमीटरांवर नोंद होऊन जाते. खूण व नोंद अशी विभक्त झाली, तरी प्रत्येक स्विच स्वतंत्र असल्याने तो कोणत्याही कळफलकात बसवता येऊ लागला. त्याच्या प्रसाराचे एक कारण येथे सापडते.

तथापि केवळ स्विचवरून स्पर्शाचा निर्णय करणे युक्त नव्हे. १९८१ च्या आयबीएम पीसीबरोबर आलेल्या ८३ कळांच्या ‘मॉडेल एफ’मध्ये सर्व रचना धातूच्या दोन पत्र्यांत आवळलेली होती. पुढील ‘मॉडेल एम’ने स्प्रिंग तीच ठेवली, परंतु हातोडीखाली पातळ पटल आले, आणि पत्रा प्लॅस्टिकच्या रिव्हेटांनी जखडला गेला. कालांतराने ही रिव्हेटे तुटतात व स्पर्श ढिला पडतो. स्प्रिंग एकच, पण बांधणी बदलताच अनुभव बदलला. पुढे रबरी घुमटांच्या स्वस्त कळफलकांनी बाजार व्यापला, आणि १९९६ नंतर ही स्प्रिंग केंटकीतील युनिकॉम्प या छोट्या कंपनीकडे उरली.

हा विचार केवळ हौशी लोकांपुरता नाही. इन्स्क्रिप्ट पद्धतीने ‘भक्त’ लिहिताना जोडाक्षरासाठी क, हलन्त व त अशा तीन कळा दाबाव्या लागतात. डोळ्यांस मात्र एकच अक्षर दिसते. हलन्ताची कळ अर्धवट दाबली गेली तर ‘भकत’ उमटते, आणि नजर हस्तलिखितावर असल्यास ते ध्यानात येत नाही. अशा वेळी साक्ष देणारे एकटे बोटच असते. त्या साक्षीस आधार देणे हेच चांगल्या बांधणीचे प्रयोजन होय.