टोमॅटोचे विषाणू आणि त्यांचे वाहक : प्रस्तावना

२०२० च्या उन्हाळ्यात नाशिक, नगर, पुणे, सातारा या पट्ट्यात टोमॅटोची फळे धड पिकेनात. एकाच फळावर लाल, पिवळे, हिरवट चट्टे दिसत. शेतकऱ्यांनी त्याला ‘तिरंगा व्हायरस’ म्हटले आणि पहिला संशय बियाण्यावर घेतला. बेंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेने नमुने तपासले, तेव्हा त्यांत प्रामुख्याने काकडीवरचा मोझॅक विषाणू निघाला. काकडीचा रोग टोमॅटोवर कसा, असा प्रश्न ज्याला पडला, त्याचे या विषयात मनापासून स्वागत. हा विषाणू १,२०० हून अधिक वनस्पतींवर जगतो. बांधावरचे तणही त्यातच आले.

निफाड, दिंडोरी, चांदवडकडे ‘प्लॉटवर व्हायरस आला’ एवढेच म्हणतात. पण या विषाणूंना स्वतःहून झाडात शिरता येत नाही. कोणती तरी कीड त्यांना आणते. माझ्या मते या शास्त्राचे मर्म विषाणू आणि त्याच्या वाहकाच्या नात्यात आहे, आणि उपायही त्या नात्यावरच ठरतो.

काकडी मोझॅक मावा पसरवतो. रोगट पानात सोंड घातली की काही सेकंदांत विषाणू सोंडेला लागतो आणि तितक्याच झटपट पुढच्या झाडात उतरतो. फवारलेले औषध मावा मारेल, पण मरण्याआधी त्याचे काम झालेले असते. बोकड्याचे, म्हणजे लीफ कर्लचे, तसे नाही. भारतात टोमॅटोवरच्या या रोगाचे वर्णन १९४८ मध्ये वासुदेव आणि सॅमराज यांनी केले. त्याचा विषाणू पांढऱ्या माशीच्या आतड्यातून लाळग्रंथीपर्यंत जातो. त्याला काही तास लागतात. नंतर मात्र ती माशी बहुधा मरेपर्यंत रोग वाटत फिरते. इथे वेळेवर केलेल्या बंदोबस्ताला अर्थ आहे.

सर्वांत विलक्षण गोष्ट फुलकिड्यांची. भुईमुगात शेंडेमर आणणारा विषाणू टोमॅटोचेही शेंडे जाळतो. फुलकिडा तो पिल्लू असतानाच घेऊ शकतो. विषाणू त्याच्या शरीरात वाढतो आणि मुख्यतः पंख फुटल्यावर पसरतो. शेजारच्या कांद्यावर फुलकिडे दिसले म्हणून लगेच घाबरू नये. कांद्यावर मुख्यतः थ्रिप्स टॅबॅसी असतो, या विषाणूचा मुख्य वाहक थ्रिप्स पाल्मी आहे. दोघांतला फरक साध्या डोळ्यांना कळत नाही, सूक्ष्मदर्शक लागतो.

पानांवरून निदान करण्याचा मोहही आवरावा. तणनाशकाचा वारा लागला तरी पाने वळतात, आणि एकाच झाडात दोन विषाणूही असू शकतात. खात्री प्रयोगशाळेतच होते. लागण झालेले झाड बरे करणारे औषध नाही. म्हणून नव्या अभ्यासकाने रोपवाटिकेपासून सुरुवात करावी : बारीक छिद्रांची कीटकरोधक जाळी, पिवळे-निळे चिकट सापळे, प्लॉटभोवती मक्याच्या ओळी. कोवळ्या रोपाला झालेली लागण सर्वांत महाग पडते, कारण त्या झाडाला पुढे फळ जवळजवळ धरत नाही.