त्वचा-नूतनीकरणाचा इतिहास : खोलीच्या नियंत्रणाचा प्रश्न

व्रण व सुरकुत्या घालविण्यासाठी त्वचेचा वरचा थर काढून तेथे नवी त्वचा येऊ देणे, हे त्वचा-नूतनीकरणाचे तत्त्व होय. हा थर किती खोलवर काढावा, या प्रश्नानेच या उपचाराच्या इतिहासाला दिशा दिली, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

जर्मन त्वचारोगतज्ज्ञ अर्न्स्ट क्रोमायर यांनी १९०५ मध्ये फिरत्या यंत्राने त्वचा घासण्याची पद्धत मांडली. १९५३ मध्ये न्यूयॉर्कच्या अ‍ॅब्नर कर्टिन यांनी त्यासाठी तारेचा ब्रश वापरला. दोन्ही पद्धतींत खोली वैद्याच्या हातावर अवलंबून होती. बारामतीत १९३८ मध्ये जन्मलेल्या व पुण्यात अभियांत्रिकी शिकलेल्या कुमार पटेल यांनी १९६४ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत कार्बन डायऑक्साइड लेसर सिद्ध केला. त्याचा किरण पेशींतील पाण्यात शोषला जात असल्याने पातळ थर नेमकेपणाने काढता येऊ लागला. १९९० च्या दशकात हा उपचार रूढ झाला. परंतु सावळ्या त्वचेवर काळे डाग पडण्याचा धोका मोठा होता.

२००४ मध्ये मांडलेल्या फ्रॅक्शनल पद्धतीत किरण सूक्ष्म ठिपक्यांपुरता ठेवून मधली त्वचा अबाधित राखली जाते. त्यामुळे धोका घटला. मात्र तो पूर्णतः टळला नाही. म्हणून भारतीय रुग्णाच्या बाबतीत त्वचेचा वर्ण पाहूनच उपचाराची मात्रा ठरविणे अगत्याचे आहे.