एका डॉलरची सही

आजची गोष्ट लांबची, अमेरिकेतली. टेनिस खेळणाऱ्या बिली जीन किंगची. वडील अग्निशमन दलात नोकरीला. पोरीने शेजाऱ्यांची कामं करून पैसे साठवले आणि पहिली रॅकेट घेतली. पुढे विम्बल्डन जिंकलं, नाव झालं. पण मोबदला? १९७० साली लॉस एंजेलिसच्या स्पर्धेत पुरुष विजेत्याला १२,५०० डॉलर आणि बाईला १,५००. आपली खुरपणीची मजुरी आठवली ना?

बिली जीन आणि तिच्या सोबतिणींनी त्या स्पर्धेकडे पाठ फिरवली. टेनिसचं मासिक चालवणाऱ्या ग्लॅडिस हेल्डमन यांच्या पुढाकाराने ह्यूस्टनला बायकांची वेगळी स्पर्धा भरली. नऊ जणींनी करार केला, एकेका डॉलरचा! अमेरिकेच्या टेनिस संघटनेने निलंबनाची कारवाई केली, तरी त्या मागे हटल्या नाहीत. दुसऱ्याच वर्षी बिली जीनची कमाई एक लाख डॉलरच्या पुढे गेली.

१९७३ मध्ये, विम्बल्डनच्या तोंडावर, साठेक खेळाडू लंडनच्या एका हॉटेलात जमल्या. बिली जीनने उंचपुऱ्या बेटी स्टोवेला दाराशी उभं केलं. निर्णय होईपर्यंत कोणी बाहेर जायचं नाही! (ठरावावर सह्या व्हायच्या आत ‘दूध तापवायचंय’ म्हणत उठणाऱ्या आपल्या काही जणी मला आठवल्या.) त्या बैठकीतून महिला टेनिस संघटना उभी राहिली. त्याच वर्षी तिने बॉबी रिग्ज या ५५ वर्षांच्या माजी विजेत्याला हरवलं. लोक तो सामना अजून चघळतात. मला ते बंद दार मोठं वाटतं.

अमेरिकन ओपनने १९७३ पासूनच स्त्री-पुरुषांना सारखं बक्षीस दिलं. विम्बल्डनला त्यासाठी २००७ उजाडलं.