बालपक्षाघाताची कोपनहेगन येथील साथ, १९५२

डेन्मार्कच्या राजधानीत १९५२ च्या उन्हाळ्यात उद्‌भवलेली बालपक्षाघाताची (पोलिओची) तीव्र साथ. श्वासनालाला छिद्र पाडण्याची शस्त्रक्रिया व त्या छिद्रातून हाताने दिलेले कृत्रिम श्वसन या दोन उपायांचा संयुक्त वापर या साथीत प्रथमच फार मोठ्या प्रमाणावर करण्यात आला. रुग्णालयांतील अतिदक्षता विभागाचा उगम सामान्यपणे या घटनेशी जोडला जातो.

पूर्वपीठिका : घटसर्पाने गुदमरणाऱ्या मुलांच्या श्वासनालाला छिद्र पाडण्याची शस्त्रक्रिया फ्रान्समध्ये प्येर ब्रतॉनो यांनी १८२५ मध्ये यशस्वी करून दाखविली व त्यांचे शिष्य आर्मां त्रूसो यांनी ती रूढ केली. अशा रुग्णांत अडथळा केवळ घशात असतो. श्वसनाचे स्नायू कार्यक्षम असतात. पोलिओमध्ये परिस्थिती वेगळी असते. मेरुरज्जूतील तंत्रिका कोशिकांचा नाश झाल्यास छातीचे स्नायू व मध्यपटल लुळे पडतात. लंबमज्जा बाधित झाल्यास गिळण्याची क्रिया बंद पडते आणि लाळ व कफ श्वासमार्गात उतरतात. पहिल्या प्रकारच्या रुग्णांसाठी बॉस्टन येथे फिलिप ड्रिंकर व लुई शॉ यांनी १९२८ मध्ये ‘लोहफुप्फुस’ हे यंत्र उपयोगात आणले. त्यात रुग्णाचे मानेखालील शरीर हवाबंद पेटीत ठेवून पेटीतील दाब कमीजास्त केला जातो व त्यामुळे छाती प्रसरण व आकुंचन पावते. तथापि गिळता न येणारा रुग्ण या यंत्रात प्रत्येक श्वासाबरोबर लाळही आत ओढून घेई. त्यामुळे दुसऱ्या प्रकारच्या रुग्णांना या यंत्राचा फारसा उपयोग होत नसे.

साथीचे स्वरूप : ब्लेग्डाम रुग्णालय हे शहरातील सांसर्गिक रोगांचे रुग्णालय होते. तेथे २४ जुलै ते ३ डिसेंबर १९५२ या काळात पोलिओचे २,७२२ रुग्ण दाखल झाले. त्यांपैकी ८६६ जणांना पक्षाघात झाला व ३१६ जणांना श्वसन किंवा गिळणे बिघडल्यामुळे विशेष उपचार द्यावे लागले. साथ ऐन भरात असताना एका दिवसात ५० पर्यंत रुग्ण येत. रुग्णालयात मात्र लोहफुप्फुसाच्या जातीचे एकच यंत्र आणि छातीवर बसविण्याची सहा कवचयंत्रे होती. पहिल्या सुमारे तीन आठवड्यांत यंत्रांवर ठेवलेल्या ३१ रुग्णांपैकी २७ दगावले. मृतांत मुलांचा भरणा मोठा होता.

निदानातील चूक : अत्यवस्थ रुग्णांच्या रक्तात बायकार्बोनेटाचे प्रमाण वाढलेले आढळे. याचा अर्थ रक्तातील क्षारता वाढली असा लावला जात होता. रुग्णालयाचे प्रमुख वैद्य एच. सी. ए. लासेन यांनी २५ ऑगस्ट रोजी चर्चेसाठी शुद्धिहरणतज्ञ ब्यॉर्न इब्सेन यांना पाचारण केले. इब्सेन यांनी बॉस्टन येथे प्रशिक्षण घेतले होते. मृतांची फुप्फुसे फारशी विकृत नसल्याचे त्यांच्या ध्यानात आले. त्यांच्या मते वाढलेले बायकार्बोनेट हे कार्बन डाय-ऑक्साइड शरीरात कोंडल्याचे चिन्ह होते. ऑक्सिजन दिल्याने रुग्णाची त्वचा निळी पडत नसे, म्हणून श्वसन अपुरे असल्याचे कळत नसे. घाम येणे व रक्तदाब वाढणे ही लक्षणेही याच कारणाने उद्‌भवत. रुग्णालयाच्या प्रयोगशाळेचे प्रमुख पाउल आस्ट्रुप यांनी रक्ताची अम्लता प्रत्यक्ष मोजली, तेव्हा इब्सेन यांचे म्हणणे खरे ठरले.

उपचारपद्धती : २७ ऑगस्ट रोजी हातपाय लुळे पडलेल्या व गुदमरू लागलेल्या एका बारा वर्षांच्या मुलीवर ही पद्धती योजण्यात आली. केवळ स्थानिक बधिरता आणून स्वरयंत्राखाली छेद घेण्यात आला व त्यातून फुगवता येणारी कड असलेली रबरी नळी श्वासनालात बसविली. फुगलेल्या कडेमुळे लाळ फुप्फुसांत उतरत नाही आणि आत दिलेली हवा वर निसटत नाही. मुलगी धडपडत असल्याने प्रथम हवा आत जाईना. इब्सेन यांनी थायोपेंटोन टोचून तिची धडपड थांबविली व नळीला जोडलेली रबरी पिशवी दाबून फुप्फुसे फुगविली. कोंडलेला वायू बाहेर पडताच तिची स्थिती सुधारली.

ही पद्धती सर्व रुग्णांना लागू करण्यास पुरेशी यंत्रे नव्हती. म्हणून वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना पाळीपाळीने रुग्णांच्या उशाशी बसवून पिशव्या दाबण्याचे काम देण्यात आले. एका वेळी ७० पर्यंत रुग्ण अशा श्वसनावर होते. सुमारे १,५०० विद्यार्थ्यांनी मिळून सुमारे १,६५,००० तास हे काम केले. रुग्ण बहुधा शुद्धीवर असत, परंतु नळीमुळे त्यांना बोलता येत नसे. हवा कमी पडते किंवा कसे, हे विद्यार्थ्याला त्यांच्या चेहऱ्यावरून ओळखावे लागे. श्वासमार्गातील स्राव शोषून काढणे, कूस पालटणे व रक्तपरीक्षा करणे ही कामे परिचारिका, शुद्धिहरणतज्ञ आणि प्रयोगशाळा यांच्याकडे होती. सुरुवातीस सुमारे ८७ टक्के असलेले मृत्युप्रमाण लवकरच सुमारे ४० टक्क्यांपर्यंत व साथीच्या अखेरीस सुमारे २५ टक्क्यांपर्यंत उतरले.

परिणाम : अत्यवस्थ रुग्ण एकत्र ठेवून त्यांच्यावर अहोरात्र देखरेख करण्याची उपयुक्तता या साथीने सिद्ध केली. इब्सेन यांनी १९५३ मध्ये कोपनहेगनच्या नगर रुग्णालयात अशा रुग्णांसाठी स्वतंत्र विभाग सुरू केला व तेथे पोलिओखेरीज इतर रुग्णांवरही उपचार होऊ लागले. फुप्फुसांत दाबाने हवा भरणारे कार्ल गुनार एंगस्ट्रम यांचे स्वीडिश यंत्र लवकरच हातांची जागा घेऊ लागले. आस्ट्रुप यांनी रक्तातील कार्बन डाय-ऑक्साइडाचा दाब ठरविण्याची सोपी रीत शोधून काढली. साल्क लस १९५५ मध्ये उपलब्ध झाल्यावर पोलिओच्या साथी ओसरल्या. पण साथीत सिद्ध झालेली पद्धती धनुर्वात, विषबाधा, छातीच्या जखमा व मोठ्या शस्त्रक्रिया यांनंतरच्या उपचारांत रूढ झाली. २०२० मधील कोव्हिडच्या महामारीत यंत्रांइतकीच प्रशिक्षित मनुष्यबळाची उणीव अनेक देशांत जाणवली. कोपनहेगनच्या साथीत हे मनुष्यबळ मुख्यतः विद्यार्थ्यांनी पुरविले होते.