फादर स्टीफन्सची ओवी

मंडळी, इथे बसलेल्यांपैकी बऱ्याच जणांच्या घरात सामवेदी नाहीतर वाडवळी बोलली जाते. पुस्तकातली मराठी आपल्याला शाळेने दिली. कविता लिहायला बसलं की आजीची भाषा बाजूला ठेवायची आणि मास्तरांची उचलायची, हा वसईच्या लिहिणाऱ्याचा रोजचाच व्यवहार. त्यामुळे दुसऱ्या भाषेत लिहिणं म्हणजे काय, हे तुम्हाला मी नव्याने सांगायला नको. मी सांगणार आहे ते ज्याने हे चारशे वर्षांपूर्वी केलं त्या एका इंग्रजाबद्दल.

थॉमस स्टीफन्स हा विल्टशर परगण्यातला. जेझुइट झाला आणि 1579 मध्ये लिस्बनहून जहाजाने गोव्यात उतरला. 1619 मध्ये वारला. ही चाळीस वर्षं बहुतेक साष्टीत गेली. आपल्या खाडीपलीकडची साष्टी नव्हे हो, गोव्यातली, मडगाव-राशोलकडची. इंग्रजी, लॅटिन तो घेऊनच आला. कोकणी आणि मराठी इथे शिकला. 1583 मध्ये भावाला पाठवलेल्या पत्रात त्याने लिहिलं की इथल्या भाषांची घडण ग्रीक-लॅटिनशी मिळतीजुळती आहे. विल्यम जोन्सच्या दोनशे वर्षं आधी! कोकणीचं व्याकरणही त्याने लिहिलं, ते त्याच्या मागे 1640 मध्ये छापलं गेलं.

पण व्याकरण येणं वेगळं आणि ओवी येणं वेगळं.

तो काळ बघा. साष्टीतली देवळं 1567 मध्ये पाडली गेली होती. 1583 मध्ये कुंकळ्ळीला पाच जेझुइट मारले गेले, आणि त्याचा सूड म्हणून पोर्तुगीजांनी गावकऱ्यांच्या पुढाऱ्यांना बोलणी करायला बोलावून ठार केलं. बाप्तिस्मा झालेल्यांना जुन्या पोथ्या वर्ज्य झाल्या. क्रिस्तपुराणाच्या आरंभीच एक ब्राह्मण पाद्रीला विचारतो, की आमची पुराणं तुम्ही बंद केलीत, मग तशीच दुसरी आम्हाला करून का देत नाही? हा प्रसंग खरा घडला की स्टीफन्सने रचला, यात मी शिरत नाही. मला त्यातलं 'तशीच' महत्त्वाचं वाटतं. प्रश्नोत्तरांची धर्मपुस्तकं त्यांच्याकडे होती. त्यांना हवं होतं ते चारचौघांत बसून मोठ्याने वाचता येईल, कानाला ओळखीचं वाटेल असं काहीतरी.

स्टीफन्सला हे कळलं, आणि लेखक म्हणून त्याचं मोठेपण मी इथे मानतो. तो लॅटिन छंद घेऊन मराठीत घुसला नाही. ज्ञानेश्वरांची, एकनाथांची ओवी त्याने उचलली. एकनाथ 1599 मध्ये गेले, म्हणजे त्याचे समकालीनच. जवळजवळ 11 हजार ओव्यांचं हे पुराण राशोलला 1616 मध्ये छापलं गेलं. गोव्यात पाय ठेवल्यापासून मोजा, सदतीस वर्षं झाली. हल्ली सहा महिन्यांत भाषा शिकवणारे वर्ग निघतात, असो.

प्रस्तावनेत तो सांगतो की देवाच्या गोष्टी बोलायला या देशातल्या भाषांत मराठी योग्य वाटली, पण शुद्ध मराठी सामान्य माणसाला समजत नाही, म्हणून सोपे कोकणी शब्द मिसळले. म्हणजे त्याची मराठी पैठणची नाही, साष्टीची आहे. आपल्या बोलीतला शब्द कवितेत आला की खाली तळटीप जोडणाऱ्यांनी हे जरूर वाचावं.

आता अवघड जागा. स्वर्गासाठी तो 'वैकुंठ' लिहितो. पवित्र आत्म्यासाठी मात्र 'स्पिरिता सांतू' तसंच ठेवतो. असं का? तत्त्वज्ञान शिकवणाऱ्याला हा प्रश्न सोडवत नाही. काहीजण म्हणतात, हा धर्मांतराचा कावा. काहीजण म्हणतात, हा भाषेचा आदर. मला दोन्ही एकाच वेळी खरं दिसतं. वैकुंठ म्हटलं की ऐकणाऱ्याच्या मनात विष्णू येणारच, आणि तो येतो हे स्टीफन्सला ठाऊक होतं. ज्या लोकांचं देऊळ पाडलं, त्यांचाच शब्द नव्या वेदीवर ठेवला. त्या शब्दाने जुनं घर सोडलं का? वैकुंठ म्हणणाऱ्या साष्टीतल्या बाईला विचारता आलं असतं तर बरं झालं असतं. जोसेफ कॉनरॅड पोलिश असून इंग्रजीत लिहिता झाला, तेव्हा तो सत्तेच्या भाषेत गेला. स्टीफन्स सत्तेच्या बाजूने येऊन जितांच्या भाषेत लिहितो, म्हणून त्याचं गणित जास्त गुंतागुंतीचं आहे.

आणि सत्तेने शेवटी काय केलं? 1684 मध्ये गोव्यात फर्मान निघालं, की लोकांनी स्थानिक भाषा सोडून पोर्तुगीज बोलावी. पुराण मात्र हाताने उतरवलं जात राहिलं. 1616, 1649 आणि 1654 अशा तीन आवृत्त्या छापल्या गेल्या, त्यांतली एकही प्रत आज हाती नाही. टिकल्या त्या हस्तलिखित प्रती.

आपल्याकडे नंदाखालचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो याच वाटेवरचे. घरी सामवेदी, लेखन प्रमाण मराठीत, 'सुबोध बायबल' त्यांचं, आणि 2020 मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष. स्टीफन्स बाहेरून आत आला; दिब्रिटो आतलेच, पण त्यांनाही मराठी लेखक म्हणून स्वीकारायला काहींनी वेळ लावला. अध्यक्षपदाच्या वेळी झालेला विरोध तुम्हाला आठवत असेल.

एक राहिलं. ते छापील पुराण रोमन लिपीत होतं. स्टीफन्सला ते तसं नको होतं. 1608 मध्ये त्याने रोमला पत्र लिहून इथल्या लिपीचे खिळे पाडायची परवानगी मागितली. अक्षरं जोडाक्षरांसकट सहाशेच्या घरात जातात, पण युक्तीने दोनशेवर आणता येतील, असा हिशेबही दिला. ते खिळे झाले नाहीत. शांताराम बंडेलूंच्या संपादनाखाली क्रिस्तपुराण पुण्यात देवनागरीत छापून आलं, ते 1956 मध्ये.